भांडं बदलण्याआधी खड्डा ओळखा

२ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छ भारत अभियान सुरू झालं आणि पुढच्या चार-पाच वर्षांत यवतमाळ जिल्ह्याच्या सोळाही तालुक्यांत घरोघरी शौचालयं उभी राहिली. ती बांधकामं आता जुनी होत आली आहेत. कुणाच्या भांड्याची चकाकी गेली आहे, कुणाचं कडेला तडकलं आहे, कुणाच्या घरातल्या माणसांचे गुडघे आता उकिडवं बसू देत नाहीत. त्यामुळे तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. भांडं घरच्या घरी बदलता येईल का? भारतीय पद्धतीचंच ठेवावं की कमोड घ्यावा? नव्या भांड्याला अनुदान मिळतं का? दुकानात याचं जे उत्तर मिळतं, ते दुकानातल्या मालाकडे पाहून दिलेलं असतं. या लेखात उत्तर शोधायचं आहे ते उलट बाजूने, म्हणजे जमिनीखालून. कोणतं भांडं घ्यायचं हे त्याच्या पुढच्या खड्ड्यावर आणि त्या खड्ड्याभोवतीच्या मातीवर ठरतं. ते एकदा नक्की झालं की बसवण्याचं बरंचसं काम तुम्ही स्वतः करू शकता. ते नक्की न करता चांगल्यातलं चांगलं भांडं बसवलं तरी पहिल्याच पावसाळ्यात पश्चात्तापाची वेळ येते.

आधी शोधा: पाणी जातं कुठे?

आपल्या शौचालयाचं पाणी नेमकं कुठे जातं हे बांधकाम करणाऱ्या मिस्त्रीला माहीत असतं, पण वापरणाऱ्या घराला पुष्कळदा नसतं. ग्रामीण भागातल्या सरकारी नमुन्यात दोन शोषखड्डे असतात. शौचालयामागे एक लहान चौकोनी चेंबर आणि तिथून दोन बाजूंना गेलेले दोन फाटे असतील, तर तुमचं शौचालय या प्रकारचं आहे. एका वेळी एकच खड्डा वापरायचा आणि दुसऱ्या फाट्याचं तोंड बंद ठेवायचं, अशी त्याची रीत आहे. दुसरा प्रकार सेप्टिक टँकचा. ही सिमेंटने बंद केलेली टाकी असते, तिला वर हवेचा उंच पाइप असतो आणि तिच्यातून बाहेर पडणारं पाणी पुढे शोषखड्ड्यात किंवा, दुर्दैवाने बऱ्याच ठिकाणी, थेट उघड्या नालीत सोडलेलं असतं. तिसरा प्रकार एकाच खोल खड्ड्याचा. चौथा म्हणजे भुयारी गटाराला जोडलेलं शौचालय, पण तशी सोय आपल्या जिल्ह्यात फार थोड्या घरांच्या वाट्याला आली आहे. हा लेख मुख्यतः पहिल्या तीन प्रकारांसाठी आहे, कारण त्या तिन्हींत शेवटी पाणी मुरवायचं काम तुमच्याच अंगणातल्या मातीला करावं लागतं.

शोध घेण्यासाठी खड्ड्याचं मोठं झाकण उघडण्याची गरज नाही, उघडूही नका. चेंबरचं लहान झाकण काढा आणि कुणाला तरी भांड्यात बादलीभर पाणी ओतायला सांगा. पाणी कोणत्या फाट्याने गेलं, चटकन गेलं की तुंबून राहिलं, दोन्ही फाटे उघडेच आहेत का, हे तिथे दिसतं. दोन्ही फाटे उघडे असतील तर दोन खड्डे असूनही तुम्ही एकाच मोठ्या खड्ड्यासारखा वापर करत आहात. दोन्ही एकदम भरतील आणि विश्रांतीला एकही उरणार नाही. भांडं बदलण्याआधी हा दोष दूर करा. एक विटेचा तुकडा आणि थोडा सिमेंटचा माल एवढ्यावर हे काम होतं.

काळ्या मातीचं गणित

भारी काळ्या जमिनीत पाणी कसं साचतं हे कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. जुलैत वावरात पाणी उभं राहतं, चार दिवस पाय घालता येत नाही, आणि तीच जमीन एप्रिलमध्ये हात जाईल एवढ्या भेगा देते. शेताच्या बाबतीत ठाऊक असलेली ही गोष्ट शौचालय बांधताना मात्र विसरली जाते. शोषखड्ड्यातून रोज किती पाणी मुरेल याचे अंदाज आपल्या देशात ठरलेले आहेत. वालुकामिश्र, मोकळ्या जमिनीत खड्ड्याच्या भिंतीच्या दर चौरस मीटरमागे रोज सुमारे ३० लिटर पाणी मुरतं, तर घट्ट चिकण जमिनीत सुमारे १० लिटरच. सरकारी नमुन्याचा खड्डा आतून साधारण १ मीटर व्यासाचा आणि उपयोगाची खोली साधारण १ मीटर धरली, तर त्याच्या भिंतीचं क्षेत्र तीन चौरस मीटरच्या थोडं वर भरतं. म्हणजे मोकळ्या, मुरमाड जागेत तो खड्डा दिवसाला ९० ते ९५ लिटर पाणी घेईल आणि चिकण काळ्या मातीत जेमतेम ३० लिटर.

आता भांड्याकडे या. गावाकडच्या शौचालयासाठी तयार केलेल्या भांड्याला, ज्याला दुकानात ‘ग्रामीण पॅन’ म्हणतात, तीव्र उतार असतो. त्याच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे खालच्या वाकड्या नळीत, पाण्याची पातळी फक्त २० मिलिमीटर असते, त्यामुळे दीड-दोन लिटर पाण्यात मैला वाहून जातो. अशा शौचालयाचं गणित मांडताना धुण्याचं पाणी धरून माणशी रोज साडेनऊ लिटर धरतात. पाच माणसांच्या घराचे झाले सुमारे ४८ लिटर. नव्या कमोडच्या टाकीला दोन बटणं असतात, एक साधारण ६ लिटरचं आणि एक ३ लिटरचं. माणशी एक मोठा फ्लश, चार छोटे आणि धुण्याचं लिटर-दीड लिटर धरलं, तर पाच माणसांचे रोजचे सुमारे ९७ लिटर होतात. जुनी १० लिटरची एकाच बटणाची टाकी असेल तर हाच आकडा अडीचशेच्या वर जातो.

हे आकडे शेजारी शेजारी मांडले की निर्णय आपोआप समोर येतो. मुरमाड जागेत एका चालू खड्ड्यावर ग्रामीण पॅन निर्धास्त चालेल, आणि कमोड बसवला तर खड्ड्याची सगळी ताकद तो एकटाच खाऊन टाकेल. काळ्या मातीत ग्रामीण पॅनचं पाणीसुद्धा खड्ड्याला जड जातं. तिथे कमोड बसवणं म्हणजे रोज तीस लिटर पिणाऱ्या खड्ड्यात शंभराच्या आसपास लिटर ओतणं. उरलेलं पाणी नालीत येतं, अंगणात वर येतं किंवा भांड्यातून परत फिरतं. ‘कमोड बसवला आणि संडास तुंबायला लागला’ अशी तक्रार ऐकू येते, तेव्हा दोष कमोडचा नसतो आणि प्लंबरचाही नसतो. तो या वजाबाकीचा असतो.

तुमची माती नेमकी कशी आहे हे डोळ्यांनी ठरवू नका. वर काळी आणि चार फुटांखाली मुरूम, असं यवतमाळच्या टेकड्यांच्या उतारावर सर्रास आढळतं, तर नदीकाठच्या गावांत दहा फुटांपर्यंत नुसती चिकण लागते. त्यासाठी एक सोपी चाचणी आहे. शोषखड्ड्यापासून थोड्या अंतरावर, शक्यतो त्याच्याच खोलीपर्यंत, फूटभर रुंद खड्डा घ्या. त्यात पाणी भरून रात्रभर मुरू द्या. सकाळी पुन्हा सहा इंच पाणी भरा, एक काठी उभी करून तिच्यावर खूण करा आणि पातळी २५ मिलिमीटर, म्हणजे इंचभर, उतरायला किती मिनिटं लागतात ते पाहा. ३० मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला, तर त्या जमिनीत शोषखड्डा नीट चालणार नाही असं भारतीय मानक सांगतं. रात्रभर भिजवण्याची पायरी गाळू नका. उन्हाळ्यात भेगाळलेली काळी माती पहिलं पाणी घटाघटा पिते आणि तुमची फसगत करते.

मग कोणतं भांडं घ्यावं?

खड्डा काळ्या मातीत असेल आणि त्यात बदल करायचा नसेल, तर ग्रामीण पॅनच घ्या. शहरी घरांत बसवतात ते कमी उताराचं लांबट भारतीय भांडंही इथे नको, कारण त्याच्या ट्रॅपमध्ये साधारण ५० मिलिमीटर पाणी उभं असतं आणि ते हलवायला जास्त पाणी लागतं. खड्डा मुरमात असेल आणि दोन्ही खड्डे चांगले असतील, तर कमोडचा विचार करा, पण टाकी दोन बटणांचीच घ्या. सेप्टिक टँक असेल तरी गणित सुटत नाही. टँक पाणी मुरवत नाही, फक्त गाळ खाली बसवतो. त्यातून बाहेर पडणारं पाणी ज्या शोषखड्ड्यात जातं, त्याला वरचाच हिशेब लागू होतो. आणि ते पाणी नालीत सोडलेलं असेल, तर जास्त पाण्याचं भांडं बसवून तुम्ही शेजाऱ्याच्या दारातली घाण वाढवत आहात.

यावर तीन आक्षेप हमखास येतात. पहिला असा की आमच्याकडे बोअरला भरपूर पाणी आहे, मग काटकसर कशाला? इथे अडचण पाणी आणण्याची नाही, मुरवण्याची आहे. शिवाय ‘भरपूर’ हा शब्द या जिल्ह्यात जपून वापरावा लागतो. २०१८च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराला पाणी देणारी निळोणा आणि चापडोह ही दोन्ही धरणं तळाला गेली होती. टँकरची वाट पाहणाऱ्या घरात सहा लिटरचा फ्लश कसा परवडेल, याचं उत्तर त्या उन्हाळ्याने दिलेलं आहे. दुसरा आक्षेप असा की कमोडला टाकी लावणारच नाही, बादलीने पाणी टाकू. यात थोडी बचत होते, पण फार नाही. कमोडच्या वाकड्या नळीत जेवढं पाणी उभं असतं तेवढं पुढे ढकलल्याशिवाय भांडं साफ होत नाही, म्हणून निम्मी बादली लागतेच. ती हळूहळू ओतली तर तीही वाया जाते.

तिसरा आक्षेप खरा आहे आणि त्याला मान दिला पाहिजे. घरात गुडघ्यांचं दुखणं, अर्धांगवायू, बाळंतपण, शस्त्रक्रिया असं काही असेल तर उकिडवं बसणं अशक्य होतं. अशा माणसाला ‘खड्डा परवानगी देत नाही’ हे सांगून भागत नाही. पण त्यासाठी जमीन फोडण्याची घाई करू नका. भारतीय भांड्यावर ठेवायची कमोड खुर्ची वैद्यकीय साहित्याच्या दुकानांत मिळते. मधोमध भोक असलेली, चार पायांची ही खुर्ची वापरल्यावर बाजूला उचलून ठेवता येते, पाणी मात्र ग्रामीण पॅनइतकंच लागतं. तिच्या जोडीला भिंतीत हाताच्या आधाराचा दांडा बसवा आणि फरशी खडबडीत करून घ्या. घसरून पडण्याचा धोका बसण्याच्या त्रासापेक्षा मोठा असतो. खुर्चीने भागत नसेल आणि कमोड हवाच असेल, तर तो जरूर घ्या, पण आधी शोषखड्डा सुधारा. काळ्या मातीत खड्ड्याच्या विटांच्या बाहेरून चहूबाजूंनी फूटभर जाडीचा वाळू, खडी किंवा बारीक विटांच्या तुकड्यांचा थर भरतात. त्यामुळे पाणी मुरण्याचं क्षेत्र वाढतं. नवा खड्डा घेताना हे करणं सोपं असतं, जुन्याभोवती करणं कष्टाचं. खर्चाचा अंदाज काढताना कमोडच्या किमतीबरोबर हा खर्च धरला नाही, तर तो अंदाज अर्धाच राहतो.

तुमच्या हातचं काम कोणतं, मिस्त्रीचं कोणतं?

जे जोड उघड्यावर दिसतात, ते तुम्ही सोडवू आणि बसवू शकता. जे जोड फरशीखाली जातात, तिथे अनुभवी हात हवा. या कसोटीने पाहिलं तर जुना कमोड काढून त्याच मापाचा नवा बसवणं हे दोन माणसांचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. टाकीतले सुटे भाग, अँगल कॉक, जोडनळी, सीटचं झाकण हे तर एकट्याचं काम. भारतीय भांडं मात्र फरशीत गाडलेलं असतं. ते काढायचं म्हणजे छन्नी-हातोडीने भोवतालचा माल फोडायचा, खालचा ट्रॅप सांभाळायचा आणि नवं भांडं पाणसळीत बसवून पुन्हा फरशी करायची. ज्याने कधी गवंडीकाम केलेलं नाही, त्याने हे पहिल्यांदा एकट्याने करू नये, हे माझं स्पष्ट मत आहे. ट्रॅपला बारीक तडा गेला तर तो वरून दिसत नाही. पाणी पायाखाली झिरपत राहतं, आणि काळी माती भिजून फुगली की अख्ख्या शौचालयाची भिंत हलते.

दुकानात जाण्याआधी कमोडची मापं घ्या, कारण इथे झालेली चूक नंतर दुरुस्त होत नाही. मैला बाहेर जाण्याचं तोंड मागच्या भिंतीत आहे की खाली फरशीत, हे आधी पाहा. भिंतीत असेल तर ‘पी ट्रॅप’, फरशीत असेल तर ‘एस ट्रॅप’. पी ट्रॅप असेल तर फरशीपासून पाइपच्या मध्यापर्यंतची उंची मोजा. एस ट्रॅप असेल तर भिंतीपासून पाइपच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. माप टाइल्सच्या पृष्ठभागापासून घ्यायचं, कच्च्या भिंतीपासून नाही. एस ट्रॅपचे कमोड ४, ९ आणि १२ इंच अशा ठरावीक अंतरांचे मिळतात. दोन इंचांचा फरक ‘ओढून-ताणून बसेल’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

कमोडच्या जागी कमोड: कामाचा क्रम

1. अँगल कॉक बंद करा, फ्लश दाबून टाकी रिकामी करा. भांड्यात उरलेलं पाणी फडक्याने टिपून बादलीत घ्या. रबरी हातमोजे घाला.
2. जोडनळी सोडवा, टाकी वेगळी असेल तर आधी ती उतरवा. तळाचे स्क्रू काढा. गंजलेले असतील तर तेल सोडून तासभर थांबा, हातोडी मारू नका.
3. तळाभोवतीचं पांढरं सिमेंट किंवा सिलिकॉन पातळ पातं फिरवून कापा. मग दोघांनी मिळून भांडं सरळ वर किंवा पुढे ओढा. हलत नसेल तर पुन्हा कापा.
4. उघड्या पाइपच्या तोंडात जुन्या कापडाचा बोळा घाला आणि त्याला दोरी बांधून दोरीचं टोक बाहेर ठेवा. दुर्गंध आणि विषारी वायू वर येत नाही आणि स्क्रू आत पडत नाही. दोरी अशासाठी की बोळा आतच विसरला जाऊ नये.
5. पाइपची कड तपासा. ती तडकलेली असेल तर इथेच थांबा आणि प्लंबरला बोलवा.
6. नवं भांडं कोरडंच ठेवून पाहा. डुलतं का, पाइपशी जुळतं का, पाणसळीत आहे का, ते पाहून भोकांच्या खुणा करा. मगच ड्रिल करा आणि प्लॅस्टिकच्या गिट्ट्या ठोका.
7. दोरीसकट बोळा काढा. रबरी कनेक्टर नवाच वापरा, जुना परत लावू नका. भांडं बसवून स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळा. चिनी मातीला जोर सोसत नाही, शेवटचा अर्धा फेरा भांडं फोडतो.
8. तळाभोवती सिलिकॉन किंवा पांढरं सिमेंट भरा, पण मागच्या बाजूला बोटभर जागा मोकळी ठेवा. पुढे जोड गळला तर पाणी तिथून बाहेर दिसेल. सगळीकडून बंद केलं तर ते फरशीखाली शिरत राहतं. २४ तास वापर नको.

काम झाल्यावर टाकीत कपड्यांच्या निळीचे चार थेंब टाका आणि फ्लश न करता अर्धा तास थांबा. भांड्यातलं पाणी निळसर झालं तर टाकीची झडप गळते आहे. ही गळती डोळ्यांना दिसत नाही, पण दिवसरात्र चालू राहून खड्डा भरते. पांढरकवडा, झरी जामणीकडच्या क्षारयुक्त बोअरच्या पाण्यात झडपेच्या रबरावर पांढरा थर लवकर चढतो. तिथे दर दोन-तीन महिन्यांनी ते रबर काढून पुसायचा नेम ठेवा.

भारतीय भांडं बदलताना मिस्त्रीकडे काय पाहावं

इथे तुम्ही हाताने काम केलं नाही तरी डोळ्यांनी करायचं आहे. ट्रॅप भांड्याबरोबर आलेलाच, २० मिलिमीटर पाण्याच्या पातळीचा लावला जातो का, ते पाहा. दुकानात ट्रॅप सुटे मिळतात आणि घाईत जास्त पातळीचा लावला की ग्रामीण पॅनचा सगळा फायदा जातो. भांड्याखाली नुसती माती भरून चालत नाही, वाळू किंवा बारीक मुरूम दाबून भरावा लागतो, नाहीतर वर्षभरात भांडं खचतं. पाइपचा उतार बघा. कमी पाण्याच्या शौचालयात पंधरा फुटांमागे एक फूट उतार हवा. तेवढा नसेल तर मैला अर्ध्या वाटेत वाळतो. जुन्या कमोडच्या जागी ग्रामीण पॅन बसवणाऱ्यांनी हे विशेष पाहावं, कारण कमोडचा पाइप बऱ्याचदा सपाट टाकलेला असतो. फरशी झाकण्याआधी दोन बादल्या पाणी ओतून जोड कोरडा राहतो का ते स्वतः पाहा, मगच माल टाकू द्या. त्या दिवशीची एवढी दहा मिनिटं कुणावरही सोडू नका.

आणखी एक चूक सगळीकडे दिसते. नवं भांडं डागाळू नये म्हणून दर आठवड्याला ॲसिड ओतलं जातं. भांड्याची चकाकी त्यानेच जाते आणि मैल्याचं खत करणारे खड्ड्यातले जिवाणूही मरतात. साबणाचं पाणी आणि ब्रश पुरेसा असतो. ॲसिड आणि ब्लिचिंग पावडर तर कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद शौचालयात तो जिवावर बेतू शकतो.

खड्ड्यात कुणालाही उतरवू नका

भांडं बदलण्याच्या निमित्ताने ‘आता टाकीही साफ करून घेऊ’ असं मनात येतं आणि दोन-चार हजारांत उतरायला तयार होणारा गरजू माणूस सापडतो. हे करू नका. सेप्टिक टँकमध्ये तयार होणारा हायड्रोजन सल्फाइड वायू एक-दोन श्वासांत शुद्ध घालवतो. वाचवायला उतरणाराही वर येत नाही. हाताने मैला उचलण्यास प्रतिबंध करणारा २०१३चा कायदा अशा धोकादायक सफाईसाठी माणूस कामाला लावणाऱ्या कुणालाही लागू होतो, त्यात घरमालकही आला. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाख रुपये केली आहे. टाकी उपसायची तर नगरपरिषदेकडे किंवा खासगी मालकाकडे मैला ओढणारा यंत्राचा टँकर मागवा. १४४२० हा त्यासाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. दोन खड्ड्यांच्या शौचालयाचं मोठेपण इथेच आहे. भरलेला खड्डा बंद करून दोन वर्षं ठेवला की आतल्या मैल्याचं मातीसारखं, वास नसलेलं खत होतं आणि ते काढण्यात कुणाच्या जिवाला धोका राहत नाही, कुणाच्या माणूसपणाला डाग लागत नाही. चेंबरमधला एक फाटा बंद ठेवायचा आग्रह सुरुवातीला धरला तो यासाठीच.

अनुदान, बिल आणि भाडेकरूचा हक्क

स्वच्छ भारत अभियानातलं १२ हजार रुपयांचं प्रोत्साहन अनुदान शौचालय नसलेल्या पात्र कुटुंबांना नवं शौचालय बांधण्यासाठी आहे. भांडं बदलण्यासाठी ते मिळत नाही. ‘मिळवून देतो’ म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. घर वेगळं झालं असेल आणि नव्या घरात शौचालय नसेल, तर पात्रतेची चौकशी थेट ग्रामपंचायतीत करा.

भांडं घेताना आयएसआय चिन्ह आणि आयएस २५५६ हा क्रमांक पाहा. दुकानातच सपाट फरशीवर ठेवून ते डुलतं का बघा आणि नाण्याने हलकेच वाजवा. अखंड भांडं खणखणतं, तडकलेलं बद्द आवाज देतं. पक्कं बिल आणि वॉरंटीचा कागद घ्या. मजुरीचीही लेखी पावती घ्या, कारण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ वस्तूइतकाच सेवेलाही लागू आहे. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. दाद लागली नाही तर यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी स्वखर्चाने भांडं बदलण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जिथे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू आहे, तिथे घर राहण्याजोगं दुरुस्त ठेवणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. किमान १५ दिवसांची लेखी नोटीस देऊनही त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती करून घेऊ शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो. एका वर्षात ही वजावट वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नसावी. नोटिशीची प्रत, फोटो आणि बिलं जपून ठेवा. तुटलेल्या भांड्याच्या जागी तसंच भांडं बसवणं ही दुरुस्ती आहे. भारतीय भांड्याच्या जागी कमोड बसवणं हा बदल आहे, त्यासाठी मालकाची लेखी संमती घ्या.

हे काम मार्च ते मे या काळात करा. जमीन कोरडी असते, खोदकाम सोपं जातं आणि नव्या फरशीला पाणी मारून पक्कं व्हायला वेळ मिळतो. कमोडचा निर्णय मात्र एक पावसाळा पाहून घ्या. ऑगस्टच्या झडीत चेंबरचं झाकण काढा. तिथे पाणी तुंबलेलं दिसलं तर त्या वर्षी कमोड घेऊ नका, आधी खड्डा दुरुस्त करा.